चिंगीच्या पायाचा हिशेब

आमच्या गल्लीतल्या चिंगी या कुत्रीच्या पायाच्या ऑपरेशनसाठी मी लोकांकडून पैसे गोळा केले. मागच्या आठवड्यात त्या हिशेबाच्या फायलीत शेवटची ओळ भरली आणि शिल्लक शून्य झाली. मार्च ते जून, सव्वातीन महिने. सुरुवात केली तेव्हा कुणीतरी हे आधी केलेलं असावं आणि त्यानं ते क्रमानं लिहून ठेवलेलं असावं, एवढीच माझी इच्छा होती. तसं काही सापडलं नाही. म्हणून जे जसं घडलं तसं लिहितेय, चुकांसकट.

6 मार्च, रात्री पावणेदहा. वॉचमनकाकांचा फोन. "ताई, खाली या लवकर. चिंगीला गाडीनं उडवलं."

चिंगी म्हणजे आमच्या गल्लीतली तीनेक वर्षांची कुत्री. कुणाचीच नाही आणि सगळ्यांची. ती एका उभ्या गाडीखाली सरकून बसली होती, मागचा उजवा पाय भलत्याच कोनात. मी हात घातला आणि ती कडकडून चावली. माझी पहिली चूक. दुखणं असह्य झालेलं कुत्रं ओळखदेख बघत नाही. आधी अंगावर जाड चादर टाकायची, श्वास नीट चालू असेल आणि उलटी होत नसेल तर तोंडाला कापडाची पट्टी बांधायची आणि मग फळीवर सरकवून उचलायचं. हे सगळं मला नंतर कळलं. आम्ही शेवटी घरातलं जुनं फडताळाचं फळकूट आणून त्यावर तिला घेतलं. तिला गाडीत ठेवल्यावर मी नळाखाली साबण लावून मनगट पंधरा मिनिटं धुतलं. घड्याळ लावूनच धुवा, कारण तीन मिनिटांत वाटायला लागतं की झालं आता. त्याच रात्री मला रेबीजचं पहिलं इंजेक्शन आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. हा खर्च मी निधीत धरला नाही. त्यावरूनही पुढे वाद झाला, तो येईलच.

रात्री डॉक्टरांनी सलाईन आणि वेदनाशामक देऊन ठेवलं. (घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेन त्यांच्या पोटाची आणि मूत्रपिंडाची वाट लावतं.) दुसऱ्या दिवशी सकाळी एक्स-रे. मांडीचं हाड मधोमध तुटलं होतं. मला वाटलं, आता ऑपरेशनचं बोलतील. डॉक्टर म्हणाले, "पायाचं नंतर बघू. आधी छाती आणि लघवीची पिशवी." गाडीच्या धक्क्यानं फुफ्फुसाभोवती हवा साचू शकते, पिशवी फुटू शकते आणि जीव जातो तो त्यानं. छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, दोन्ही ठीक निघालं. रक्त मात्र ठीक नव्हतं. प्लेटलेट्स 62 हजार. गोचीडताप. एवढ्या कमी प्लेटलेट्सवर चिरफाड केली तर रक्त थांबणार नाही, म्हणून आधी डॉक्सिसायक्लिन, 28 दिवसांचा कोर्स, आणि आकडा वर आला की ऑपरेशन.

ही आठवड्याची उसंत माझ्या पथ्यावर पडली, कारण अंदाजे खर्च ऐकून माझे हातपाय गळाले होते. आकडा माझ्या दीड पगाराएवढा.

मी "लिहून द्याल का?" असं विचारलं. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे तीन ओळी आणि एक आकडा लिहून दिला. मी तो फोटो काढून 8 तारखेला निधी गोळा करणाऱ्या एका साइटवर अर्ज टाकला. 9 तारखेला अर्ज परत. कारणं दोन. अंदाजपत्रक लेटरहेडवर नाही, आणि त्यावर डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक नाही. खाली आणखी एक बारीक ओळ होती, तिच्याकडे मी तेव्हा लक्षच दिलं नाही: "बँक खात्यावरील नाव ओळखपत्राशी जुळत असल्याची खात्री करा." ती ओळ पुढे मला अकरा दिवस नाचवणार होती.

परत दवाखान्यात. या वेळी मी बाबवार मागितलं: भूल, ऑपरेशन, इंप्लांट (हाडाला बसवायची प्लेट आणि स्क्रू), वॉर्डाचे दिवस, रक्ततपासण्या, औषधं. डॉक्टरांना माझा थोडा कंटाळा आला असावा, पण कंपाउंडरनं शेजारी बसवून सगळं टाइप करून दिलं. तुम्ही गेलात तर एक प्रश्न जास्तीचा विचारा, जो मी विचारला नाही: "ऑपरेशननंतरच्या दोन महिन्यांचा खर्च यात आहे का?" नव्हता. पुढचे दोन एक्स-रे, ड्रेसिंग, पिंजऱ्याचं भाडं, फेरतपासण्या, काहीच नव्हतं. शेवटी एकूण खर्चातला जवळजवळ चाळीस टक्के भाग त्या न विचारलेल्या प्रश्नातून आला.

10 तारखेला अर्ज पुन्हा गेला. मंजुरीला दोन दिवस. तेवढ्यात मी आवाहन लिहायला बसले आणि भूतदयेवर नऊशे शब्दांचा निबंध पाडला. मावसभावाला वाचायला दिला. तो म्हणाला, "ताई, पैसे कशाला हवेत ते चौथ्या परिच्छेदात आहे."

निबंध फाडला. नव्या मजकुरात काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, किती लागणार, कधीपर्यंत लागणार एवढंच ठेवलं आणि अंदाजपत्रकाचा फोटो जोडला. शेवटी भावाच्या सांगण्यावरून एक वाक्य टाकलं: "पैसे उरले तर ते याच गल्लीतल्या पुढच्या आजारी जनावरासाठी वापरेन, आणि त्याआधी तुम्हाला कळवेन." तेव्हा ते उगाच वाटलं होतं. मे महिन्यात त्याच वाक्यानं मला तारलं.

फोटोचं एक सांगायला हवं. मी पहिला फोटो रक्ताचा टाकला. लोकांना किव येईल असा हिशेब. झालं उलटंच. सोशल मीडियानं त्यावर करडा पडदा टाकला, "संवेदनशील मजकूर", आणि दोन मैत्रिणींनी सांगितलं की आम्ही बघितलंच नाही, वर सरकवलं. मग चिंगीचा वॉर्डातला, बँडेज बांधलेला, कॅमेऱ्याकडे जरा संशयानं बघणारा फोटो लावला. एक्स-रे दुसरा. एक्स-रेचा फोटो लोक थांबून बघतात, हा माझा अनुभव.

आणि रकमेचं. साइटचं शुल्क, पैसे भरण्याच्या यंत्रणेचं शुल्क, त्यावर कर, असं सगळं वजा होऊन शंभरातले साधारण बाण्णव माझ्या हाती येत होते. तेव्हा लागणाऱ्या रकमेत आठ टक्के मिळवून भागत नाही, तिला 0.92 नं भागावं लागतं. शंभर हवे असतील तर एकशे नऊ मागायचे. मी मागितले एकशे आठ. शिवाय देणगीदाराच्या पडद्यावर साइटसाठी "ऐच्छिक टिप" आधीच भरलेली दिसायची. माझ्या एका काकांना वाटलं ती मीच लावलीय. त्यानंतर मी प्रत्येक मेसेजच्या खाली लिहायला लागले, की ती टिप शून्य करता येते, खुशाल करा.

12 मार्चला दुपारी आवाहन सुरू झालं. पैसे मागणं मला जन्मात जमलेलं नाही. पहिला मेसेज लिहून मी फोन उशीखाली ठेवून दिला. मग चाळीस नावांची यादी केली आणि एकेकाला नावानं, वेगळं लिहिलं. त्यातल्या सव्वीस जणांनी दिले. तोच मजकूर एका मोठ्या ग्रुपवर टाकला तिथे हात जोडलेल्या एकतीस इमोजी आणि एक देणगी. दोन दिवसांत ठरवलेल्या रकमेच्या 38 टक्के जमले, मी हवेत. तिसऱ्या दिवसापासून शुकशुकाट.

15 मार्चला प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर आल्या आणि त्याच दिवशी ऑपरेशन ठरलं. दवाखान्याला निम्मी रक्कम आगाऊ हवी होती. साइटवर आकडा दिसत होता, पण तो माझ्या खात्यात नव्हता. या गोष्टीसाठी मनाची तयारी ठेवा: बिल आज असतं, निधी पुढच्या आठवड्यात. मी कार्डावर भरले, उरलेले भावाकडून उसने घेतले. 16 तारखेला पैसे काढायची विनंती टाकली. तीन ते सात कामाचे दिवस, असं लिहिलं होतं. सातव्या दिवशी मेल आली, की नाव जुळत नाही. बँकेत माझं नाव तीन शब्दांचं, ओळखपत्रावर दोन. मधलं नाव गायब. मग बँकेत जाऊन "या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे" असं पत्र, त्यावर शिक्का, ते स्कॅन, ते अपलोड. 27 मार्चला पैसे आले. तुम्ही अर्ज भरायच्या आधी दहा मिनिटं काढून दोन्ही नावं अक्षर न् अक्षर पडताळा. आणि साइट थेट दवाखान्याच्या खात्यात पैसे पाठवत असेल तर तोच पर्याय घ्या. पुढच्या वेळी मी तेच केलं, डोक्याचा ताप निम्मा झाला.

ऑपरेशन अडीच तास चाललं. प्लेट एक, स्क्रू सात.

शुकशुकाट मोडला तो याच ओळीनं. मला सुचत नव्हतं म्हणून मी त्या रात्री नुसतं बिलच ओळीओळीनं लिहून टाकलं. प्लेट इतक्याला, एकेक स्क्रू इतक्याला, भूल इतक्याची, वॉर्डाचा एक दिवस इतक्याचा. कुठेही "कृपया मदत करा" नाही. सकाळी उठून बघते तर कुणी वॉर्डाचे दोन दिवस घेतले होते, कुणी भूल. एका शाळकरी मुलीनं तिच्या आईच्या फोनवरून विचारलं होतं, "मी एक स्क्रू घेऊ शकते का? चौथा." चौथाच का, ते मी विचारलं नाही. फायलीत तिच्या नावासमोर लिहिलं: स्क्रू, क्र. 4.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते.

20 मार्च. माझ्या चौदाव्या दिवसाच्या इंजेक्शनचा दिवस. संध्याकाळी दमून आले. चिंगी आमच्या पॅसेजमध्ये पिंजऱ्यात, गळ्यात जखम चाटू नये म्हणून घालतात तो प्लास्टिकचा कर्णा. ती तोंड वर करून बघत होती, कर्णा गजांवर आपटत होता, कूं कूं चालू. मला दया आली. म्हटलं, जेवेपर्यंत काढून ठेवू. काढला. ती जेवली. मी बाजूला भिंतीला टेकून बसले आणि तिथेच डोळा लागला. वीस मिनिटं, जास्तीत जास्त पंचवीस. जाग आली ती चाटण्याच्या आवाजानं. चार टाके उसवले होते, जखमेची कड उघडी.

रात्री पुन्हा दवाखाना, पुन्हा भूल, पुन्हा टाके. प्लेटपर्यंत संसर्ग गेला नव्हता, हे नशीब. डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी देणगीदारांना काय लिहायचं याचा विचार करत बसले. "गुंतागुंत झाली" असं लिहून भागलं असतं, खोटंही नव्हतं. पण त्या दोन शब्दांच्या आड मी लपतेय हे मला कळत होतं, आणि दुसरं म्हणजे बिल तर मी टाकणारच होते, त्यावर "टाके उसवल्यामुळे" असं स्वच्छ लिहिलेलं होतं. शेवटी जसं झालं तसं लिहिलं. कर्णा मी काढला, मी झोपले, हे बिल मी भरलंय, निधीतून नाही. पाठवून फोन बंद केला. सकाळी एकानं लिहिलं होतं, "तुम्हाला जमत नसेल तर जनावरं घेऊ नका." एका अनोळखी बाईंनी लिहिलं होतं, "आमच्या कुत्र्याचं मीच असं केलं होतं, दोनदा." दोन्ही मेसेज मी अजून ठेवलेत.

टीकेचं म्हणाल तर "माणसं मरतायत आणि तुम्हाला कुत्री सुचतात" हे येतंच. उत्तर देत बसू नका, वेळ जातो. जास्त त्रास दुसऱ्या प्रकारानं दिला. कुणीतरी चिंगीचा फोटो उचलून त्याखाली स्वतःचा पैसे पाठवायचा कोड लावला. तक्रार करून ते खाली यायला तीन दिवस लागले. तेव्हापासून मी फोटोवर तारीख आणि "चिंगी, मांडीचं हाड" असं आडवं छापते. पुसून टाकायला वेळ लागेल इतपत मोठं.

29 मार्चला रक्कम वाढवून मागितली, त्या न विचारलेल्या प्रश्नापायी. या वेळी एका गृहस्थांना बरीच मोठी रक्कम द्यायची होती, पण त्यांना कर-सवलतीची पावती हवी होती. ती मला एकटीला देता येत नाही, त्यासाठी आयकर खात्याची मंजुरी असलेली नोंदणीकृत संस्थाच देऊ शकते. प्राण्यांसाठी काम करणारी एक छोटी संस्था त्यांच्या खात्यात रक्कम घेऊन थेट दवाखान्याला द्यायला तयार झाली. त्यांना माझं विनंतीपत्र, अंदाजपत्रक, डॉक्टरांचं पत्र आणि समितीच्या बैठकीची मंजुरी लागली. एकोणीस दिवस. संस्थेची चूक नाही, दुसऱ्याच्या पैशाला त्या जबाबदार असतात. फक्त गरज लागायच्या आधी विचारून ठेवा.

हिशेबाची फाइल साधी होती. तारीख, बाब, बिल क्रमांक, रक्कम, कुणी भरलं. शेजारी बिलाचा फोटो, माझा पत्ता झाकून. मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या चकचकीत कागदाच्या पावत्यांचा फोटो त्याच दिवशी काढा. माझ्या पर्समधल्या तीन पावत्या एप्रिल संपेपर्यंत कोऱ्या झाल्या. अक्षरं उडून गेली. ते पैसे मी निधीतून घेतले नाहीत, दाखवणार काय?

काय धरायचं आणि काय नाही यावर मी म्हटलं तसा वाद झाला. एक जण म्हणाले, तुमची इंजेक्शनं धरा, तिच्यामुळेच लागली. दुसऱ्यांचं म्हणणं, दवाखान्यात जायचं भाडंसुद्धा धरू नका. मग मी नियम केला: चिंगीच्या अंगाला लागलं तेवढंच. औषध, प्लेट, टाके, एक्स-रे, पिंजरा. भाडं नाही, माझी इंजेक्शनं नाहीत, फाटलेली चादर नाही. दुसऱ्या कुणाला हा नियम फार कडक वाटेल, आणि रोज पाच जनावरं उचलणाऱ्याला तो परवडणारही नाही. एकदा ठरवून आवाहनातच लिहून टाकलं की निम्मे प्रश्न येतच नाहीत.

26 एप्रिल, सहा आठवडे. एक्स-रेत तुटलेल्या जागी धुरकट ढगासारखं नवं हाड दिसलं. 10 मे, आठ आठवडे. चिंगी पिंजऱ्याबाहेर. पहिले दोन दिवस तीन पायांवर, मग हळूच चौथा टेकवून बघितला.

सगळी बिलं भागवून जमलेल्या रकमेतले अकरा टक्के उरले. एकूण 143 जणांनी पैसे दिले होते. 24 मेला कोपऱ्यावरच्या दोन पिल्लांना रक्ताचे जुलाब सुरू झाले, चाचणीत पार्व्हो निघाला, पिल्लांचा जीव घेणारा विषाणूचा आजार. पार्व्होत थांबायला वेळ नसतो. "उरलेले पैसे पिल्लांना वापरतेय, कुणाला परत हवे असतील तर सांगा" असं सगळ्यांना कळवलं आणि उत्तराची वाट न बघता त्यांना ॲडमिट केलं. दोघांनी परत मागितले. काढून घेतलेली रक्कम साइटवरून परत जात नाही, म्हणून मी बँकेतून थेट पाठवली, शुल्कात कापलेली रक्कम माझ्याकडून घालून. त्यांचा राग नाही. त्यांनी चिंगीला दिले होते.

एक पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. ते पांढरं. दुसरं सातव्या दिवशी घरी आलं, आता मावसभावाकडे असतं आणि त्याच्या चपला खातं.

उरलेल्यात 12 जूनला चिंगीची नसबंदी झाली. फायलीतली ती शेवटची ओळ. संपूर्ण हिशेब आणि आठ आठवड्यांचा तो एक्स-रे मी सगळ्यांना पाठवला. चिंगी आता पुन्हा वॉचमनकाकांच्या केबिनपाशी असते, सकाळी उठल्यावर थोडी लंगडते, मग विसरते.

काल रात्री त्या शाळकरी मुलीचा मेसेज आला. एक्स-रे मोठा करून बघितलाय, पण तिचा स्क्रू कुठला? वरून मोजायचं की खालून? मी एक्स-रे उघडला, दोन्हीकडून मोजून बघितलं आणि लिहिलं: कुठूनही मोज. सातातला चौथा आहे, तोच येतो.